जुन्या ट्रकची केबिन: तळाचे काम करताना ती ठेवावी कशी?



आमचा विषय बेणे, लागण आणि खतांचा. तरीही या वेळी ट्रकवर लिहीत आहोत. बंद हंगामात लासुर्णे परिसरात फिरताना गोठ्याशेजारी उतरवून ठेवलेल्या जुन्या केबिनी दिसतात. कुठे चार विटांवर, कुठे एका जॅकवर टेकवलेली केबिन आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. पाहून पोटात गोळाच येतो.

गाड्या मात्र जपण्यासारख्या आहेत. टाटा-मर्सिडीजचे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला तयार होऊ लागले. तो करार १९६९ पर्यंत चालला. डॉज आणि फार्गो कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले. ती कंपनी १९४४ साली काढली वालचंद शेठजींनी, म्हणजे आपल्या शेजारच्या वालचंदनगरवाल्यांनीच. घरात आलेली पहिली गाडी म्हणून नातवंडे ती पुन्हा उभी करू पाहतात, ही हौस चांगली आहे.

अशा केबिनीचा सडतो तो तळपत्रा. कालव्याखालच्या क्षारपड रानातला चिखल वर्षानुवर्षे पत्र्याच्या घडीत बसतो. क्षार ओल धरून ठेवतात आणि गंज आतून खात जातो. वरून रंग शाबूत, खाली पहार टोचली तर आरपार! म्हणून केबिन उचलण्याआधीच दोन्ही दारांच्या चौकटीत अँगलचे आडवे-तिरके तुकडे वेल्डिंगने टाचून घ्यावेत. नाहीतर तळ गेलेली केबिन साखळीला लागताच दुमडते आणि मग दारे कधीच नीट बसत नाहीत.

बॅटरी, वायरिंग, स्टिअरिंग, पॅडलचे दांडे आणि काचा आधी काढाव्यात. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशी डिझेल सोडावे. केबिन लिंबाच्या फांदीला टांगू नये. लोखंडी तिपाई किंवा गर्डर आणि वजन पेलणारी चेनपुली वापरावी. गावातल्या गॅरेजवाल्याकडून भाड्याने आणली तरी चालते. साखळी छताच्या पन्हाळीला अडकवू नये, केबिन चासीवर जिथे बसते त्या मजबूत जागांना पट्टे घालावेत.

आता मुख्य मुद्दा. केबिन उंच करून तिच्याखाली झोपायचे नाही, केबिनच आडवी करायची. मागची भिंत सपाट असते. ती खाली घालून केबिन जुन्या टायरांवर निजवली की तळ भिंतीसारखा समोर उभा राहतो. माणूस उभ्याने घासतो, उभ्याने वेल्डिंग करतो. ठिणगी आणि गंज डोळ्यांत पडत नाही, कामही चांगले होते.

पण यात एक गोम आहे. केबिनीचे बरेचसे वजन तळाच्या आणि पुढच्या पडद्याच्या बाजूला असते, छत हलके. पाठीवर निजवलेली केबिन पुन्हा तळावर, म्हणजे नेमकी काम करणाऱ्याच्या अंगावर येऊ पाहते. म्हणून तळाच्या बाजूचे टायर थोडे उंच ठेवावेत, म्हणजे केबिन छताकडे किंचित रेलेल. त्या बाजूला बाभळीच्या ओंडक्यांची आडवी-उभी चौकट रचून छताच्या कडेला टेकू द्यावा. आणि काम संपेपर्यंत चेनपुली सोडू नये, साखळी ताणलेलीच राहू द्यावी. निजवतानाही एका दोराने ओढायचे व दुसऱ्याने मागून धरून ठेवायचे. तोल मध्य ओलांडला की केबिन आपोआप धाडकन जाते, तेव्हा हाताने सावरू म्हणणारा अडकतो. मुलांना त्या वेळी अंगणात थांबू देऊ नये.

जमीन आपली काळी, जूनच्या पहिल्या पावसाला लोणी होते. सकाळी घट्ट वाटलेला टेकू दुपारी कलतो. काम फरशीवर करावे; नसेल तर खाली मुरूम ठोकून जाड फळ्या घालाव्यात. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे वापरूच नयेत, ते चिरताना आधी सांगत नाहीत. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याचे वॉशर गळाले की तो न बोलता खाली बसतो.

ज्यांना बरेच काम करायचे आहे त्यांनी वेल्डरकडून रहाटासारखी फिरती चौकट करून घ्यावी. दोन बाजूंना भक्कम पाय, मध्ये पाईपचा आस, त्यावर केबिन हवी तशी फिरवता येते. मात्र आस वजनाच्या मध्यातून गेला पाहिजे आणि प्रत्येक फिरवणीनंतर खिट्टी घातली पाहिजे. आस चुकला तर जड बाजू सुटल्या बैलासारखी खाली येते.

घासताना तोंडाला नुसता टॉवेल बांधून भागत नाही. जुन्या रंगात शेंदूर-सफेता, म्हणजे शिसे, असू शकते. चांगला मास्क लावावा, पत्रा ओला करून घासावा आणि ती धूळ वैरणीपासून लांब ठेवावी. वेल्डिंगपूर्वी आतले नमदे, रेक्झिन, गोणपाट काढावे. डिझेलची टाकी आणि पाचटाचा ढीग दूर हलवावा व पाण्याची बादली, वाळू हाताशी ठेवावी.

रेड ऑक्साईड वाळल्यावर केबिन परत चासीवर घेताना खालचे रबर नवे घालावेत. सर्व बोल्ट हाताने लागल्याशिवाय एकही पान्याने आवळू नये, आणि शेवटचा बोल्ट लागेपर्यंत साखळीला हात लावू नये.