शासन आणि धर्म : अंतर हवे की समान न्याय?
(सीमाभागाच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

बेळगाव शहराच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवर सांबरा हे गाव आहे. गावालगत नागरी विमानतळ आहे, तसेच भारतीय वायुसेनेची वायुसैनिक प्रशिक्षण शाळाही आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले, निरनिराळ्या धर्मांचे तरुण येथे एकाच गणवेशात शिकतात. धर्म आणि शासन यांचा संबंध कसा असावा, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात कोरडा वाटतो. गणवेशाच्या निमित्ताने मात्र तो थेट व्यक्तीपर्यंत येऊन पोहोचतो. या प्रश्नाकडे सामान्य लोक कसे पाहतात आणि वर्गात तो कसा मांडता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दांमुळे होणारा गोंधळ

या विषयावरील मत पुष्कळदा शब्दावर अवलंबून असते. मराठीत ‘निधर्मी राज्य’ हा शब्दप्रयोग बराच काळ रूढ होता. तो ऐकणाऱ्याला शासन धर्माच्या विरोधात आहे असे वाटते, आणि श्रद्धाळू माणूस साहजिकच नकार देतो. अभ्यासकांनी ‘इहवादी’ हा शब्द वापरला, पण तो ग्रंथांपुरताच राहिला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलेल्या शब्दासाठी मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ आणि हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ असे पर्याय आहेत. ‘सर्वधर्मसमभाव’ या शब्दाला मात्र बहुतेक जण चटकन होकार देतात. म्हणून विद्यार्थ्याचे मत विचारण्यापूर्वी त्याने शब्दाचा कोणता अर्थ घेतला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

तीन नमुने

अमेरिकेत १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने शासनाला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने धर्मसंस्था व शासन यांची फारकत केली, आणि २००४ मध्ये सरकारी शाळांतून ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घातली. भारतीय राज्यघटनेने तिसरा मार्ग निवडला. अनुच्छेद २५ व २६ धर्मस्वातंत्र्य देतात, पण सामाजिक सुधारणेसाठी शासनाला हस्तक्षेपाचा अधिकारही देतात. राजकीय तत्त्वज्ञ राजीव भार्गव यांनी या पद्धतीला ‘तत्त्वनिष्ठ अंतर’ म्हटले आहे. शासन धर्माच्या कधी जवळ जाते, कधी दूर राहते. मात्र दोन्ही वेळा कारण एकाच तत्त्वाचे असले पाहिजे.

या भागाला ही कल्पना परकी नाही. १९०६ मध्ये निपाणीपासून जवळच असलेल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लीम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था व वसतिगृह उभे राहिले. इतर समाजांनाही त्यांनी अशीच मदत केली. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथील अध्यक्षीय भाषणात महात्मा गांधींनी स्वराज्याची रूपरेषा मांडली. परस्पर सहिष्णुता राखून सर्व धर्मपंथांना पूर्ण स्वातंत्र्य हे तिच्यातील एक कलम होते. दोन्ही उदाहरणांत धर्माकडे पाठ फिरवलेली नाही. सर्वांना एकच माप लावण्याचा प्रयत्न आहे.

लोकमताचे स्वरूप

प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये भारतातील २९,९९९ प्रौढांच्या १७ भाषांतून मुलाखती घेतल्या. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे अत्यंत महत्त्वाचे आहे, असे ८४ टक्के लोकांनी सांगितले. त्याच पाहणीत ६४ टक्के हिंदूंनी खरा भारतीय असण्यासाठी हिंदू असणे अत्यंत महत्त्वाचे मानले, तर ७४ टक्के मुस्लिमांनी कौटुंबिक वाद स्वतःच्या धार्मिक न्यायालयाकडे नेण्याची मुभा मागितली. म्हणजे आदराची भावना व्यापक आहे. पण शासनाने त्या भावनेला नियमाचे रूप कसे द्यावे, यावर एकमत नाही.

हे मतभेद धर्मस्थळांच्या व्यवस्थापनात स्पष्ट दिसतात. महाराष्ट्रातूनही असंख्य भाविक जातात ते बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचे रेणुका-यल्लम्मा देवस्थान कर्नाटक शासनाच्या मुजराई खात्याच्या अखत्यारीत आहे. वक्फ मालमत्तांवर कायद्याने स्थापन झालेल्या मंडळाची देखरेख असते. आमची मंदिरे सरकारच्या ताब्यात का, असा एकीकडचा प्रश्न असतो. वक्फमध्ये सरकारचा हस्तक्षेप का, असा दुसरीकडचा. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर हा दुसरा प्रश्न अधिक तीव्र झाला. स्वतःच्या संस्थेपुरती फारकत आणि दुसऱ्याच्या संस्थेवर देखरेख, अशी मागणी दोन्हीकडून ऐकू येते. तिच्या मुळाशी धर्म आणि शासन यांविषयीचा सिद्धान्त क्वचितच असतो. आपल्याला वेगळे माप लावले जाते, हा संशय मात्र बहुधा असतो.

गणवेशाची कसोटी

वायुसेनेतील एका मुस्लीम वायुसैनिकाला दाढी ठेवण्याच्या कारणावरून सेवामुक्त करण्यात आले होते. ज्यांच्या धर्मात केस कापण्यास मनाई आहे त्यांनाच नियमात सवलत आहे आणि ती मनाई येथे सिद्ध झाली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी ठरवले. अमेरिकेतही १९८६ मध्ये वायुसेनेतील एका ज्यू अधिकाऱ्याला धार्मिक टोपी घालण्याचा हक्क न्यायालयाने नाकारला होता; पण पुढच्याच वर्षी तेथील संसदेने कायदा करून नीटनेटक्या धार्मिक पेहरावाला मुभा दिली.

सैनिकी शिस्तीला लागू पडणारा नियम महाविद्यालयाला लागू पडतो का, हा पुढचा प्रश्न आहे. ५ फेब्रुवारी २०२२ च्या कर्नाटक शासनाच्या गणवेशविषयक आदेशानंतर हिजाब घालणाऱ्या विद्यार्थिनींना वर्गाबाहेर राहावे लागले. १५ मार्चला उच्च न्यायालयाने आदेश वैध ठरवला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी एकरूपतेला महत्त्व दिले. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाला. दोन्ही बाजू धर्मनिरपेक्षतेचाच आधार घेत होत्या, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

निष्कर्ष

यावरून असे दिसते की, लोकांचा प्रश्न शासन धर्मापासून किती दूर आहे हा तितकासा नाही. ते सर्वांपासून सारख्याच अंतरावर आहे का, हा आहे. ही भूमिका घटनेच्या जवळची आहे. पण केवळ सद्भावनेवर ती टिकत नाही. तिला आधी जाहीर केलेला आणि सर्वांना लागू होणारा नियम लागतो.

अध्यापकांनी वर्गात कोणत्याही प्रसंगाबाबत तीन प्रश्न विचारावेत. हाच नियम दुसऱ्या धर्माला लावला असता का? त्याचे कारण धर्माबाहेरचे आणि सर्वांना पटण्याजोगे आहे का? त्याची किंमत कोणाला मोजावी लागते? अनुच्छेद २८ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्यावर धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, आणि यातून अल्पसंख्याक संस्थाही सुटलेल्या नाहीत. इतरांकडून समान न्यायाची अपेक्षा करणाऱ्या संस्थेने आपल्या वर्गातील अन्यधर्मीय विद्यार्थ्याला तो दिला, तरच तिच्या मागणीला वजन येते.