जनक व अपत्य प्रक्रिया : पूर-गणनेतील एक आवश्यक दक्षता

तापी नदी मध्य प्रदेश व महाराष्ट्र ओलांडून गुजरातेत प्रवेश करते. उकाई धरणाच्या खाली सुमारे १०० किलोमीटरवर सुरत शहर वसले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून मोठा विसर्ग करावा लागला आणि सुरतेचा बराच भाग पाण्याखाली गेला. अशा खोऱ्यात वरच्या भागातील पाणीपातळीचे आकडे वेळेवर व बिनचूक मिळणे किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

समजा, एक मुख्य आज्ञावली भुसावळ, गिधाडे व सारंगखेडा येथील आकड्यांसाठी प्रत्येकी एक स्वतंत्र आज्ञावली सुरू करते. येथे मुख्य आज्ञावली ही जनक प्रक्रिया होय व तिने सुरू केलेल्या तीन या अपत्य प्रक्रिया होत. एका अपत्यात बिघाड झाला तरी इतरांचे काम अबाधित राहते, हा या पद्धतीचा लाभ आहे. तथापि एका कार्यालयात लिनक्स व दुसऱ्यात विंडोज असल्यास हीच रचना दोन्हीकडे सारखी चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

युनिक्स परंपरेत 'फोर्क' या आज्ञेने प्रथम जनकाची प्रत निर्माण होते व 'एक्झेक' या आज्ञेने त्या प्रतीच्या जागी नवी आज्ञावली येते. विंडोजमध्ये 'क्रिएट-प्रोसेस' ही दोन्ही कामे एकाच पायरीत करते. पायथन भाषेतील 'सबप्रोसेस' हा २००४ पासून उपलब्ध असलेला विभाग हा भेद स्वतः सांभाळतो. म्हणून अशा माध्यमाचाच अवलंब करणे इष्ट ठरते. मात्र पुढील चार जबाबदाऱ्या जनकाकडेच राहतात.

१. सूचना सुट्या यादीच्या रूपाने द्याव्यात. एकाच ओळीत जोडून दिल्यास 'सुरत पूर यादी' या फाइलनावाचे तीन तुकडे होण्याचा संभव असतो.

२. अपत्याने पाठविलेला मजकूर सतत वाचून घ्यावा. दोहोंमधील नळीची क्षमता मर्यादित असते. लिनक्समध्ये ती सामान्यतः ६४ किलोबाइट असते. नळी भरल्यास अपत्य थबकते आणि जनक त्याच्या समाप्तीची वाट पाहत राहतो.

३. कालमर्यादा ठरवावी. मुदत संपल्यावर लिनक्समध्ये अपत्यास प्रथम थांबण्याचा संकेत देता येतो. विंडोजमध्ये सामान्यतः ते तडक बंद करावे लागते. अपत्याने आणखी प्रक्रिया सुरू केल्या असतील, तर त्याही बंद झाल्याची खात्री करावी.

४. समाप्तीचा संकेतांक अवश्य घ्यावा. तो न घेतल्यास लिनक्समध्ये संपलेल्या प्रक्रियेची नोंद तशीच पडून राहते. शून्य म्हणजे यश, हा संकेत दोन्हीकडे पाळला जातो. अपयशासाठी १ ते २५५ मधीलच अंक वापरावा, कारण युनिक्स परंपरेत याहून मोठा अंक पूर्णपणे जनकापर्यंत पोहोचत नाही.

यांपैकी चौथी बाब सर्वाधिक महत्त्वाची आहे. सारंगखेड्याचे अपत्य अयशस्वी झाले असता जनकाने जुनाच आकडा पुढे पाठविला, तर नदी चढत असतानाही कागदावर ती स्थिर दिसेल. अशा वेळी 'आकडा उपलब्ध नाही' अशी स्पष्ट नोंद होणे आवश्यक आहे. ती नोंद पाहून अधिकारी दूरध्वनीने तरी चौकशी करू शकतात; चुकीच्या आकड्याविषयी मात्र कोणासही शंका येत नाही.