दत्तस्थानी औदुंबर का असतो?

दत्ताचे देऊळ म्हटले की औदुंबर आलाच. औदुंबर म्हणजे आपला नेहमीचा उंबर. श्रीगुरू नृसिंहसरस्वतींनी इतर वृक्ष सोडून हाच का निवडला, याचे उत्तर ‘गुरुचरित्रा’च्या १९ व्या अध्यायात आहे. हिरण्यकश्यपूला विदारल्यावर नृसिंहाच्या नखांचा विषाने दाह होऊ लागला. लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली, त्यांत नखे रोवताच दाह शमला. तेव्हापासून या वृक्षाला वर मिळाला, अशी ती कथा.

कथेला व्यवहाराचीही जोड आहे. संन्याशाला घर नसते; चातुर्मासात मात्र त्याने एका जागी राहायचे असते. त्याला सावली, स्नानाला पाणी आणि भिक्षेला जवळ गाव हवे. उंबर वाढतो तो ओलाव्याला, नदी-ओढ्यांच्या काठी. भिलवडीसमोरचे औदुंबर आणि नृसिंहवाडी ही दोन्ही स्थाने कृष्णाकाठची, तर गाणगापूर भीमा-अमरजा संगमाचे. वाडीला श्रीगुरूंचा वास १२ वर्षे होता, असे परंपरा सांगते. औदुंबरला विमल, वाडीला मनोहर आणि गाणगापूरला निर्गुण पादुकांची पूजा होते. वाडीत पुराचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा त्या ‘दक्षिणद्वार’ स्नानासाठी भाविकांची रीघ लागते.

दुर्मीळ गोष्टीला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. खरे तर फुले असतात, पण फळाच्या आत! तिथे एक बारीक कीटक शिरतो आणि परागीभवन करतो. फळे खोडालाच लगडतात, वर्षातून अनेकदा येतात. त्यामुळे इतर झाडे रिकामी असतात तेव्हाही पाखरे, वटवाघळे आणि खारी यांना उंबराचा आधार असतो.

पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी भिंतीच्या भेगेतही रुजते. पवित्र म्हणून ते काढायचे नाही आणि ठेवले तर भिंत जाते, अशी अडचण अनेक घरांत येते. रोप लहान असतानाच, पावसाळ्यात, मुळांसकट अलगद सोडवून मोकळ्या जागेत लावावे. मात्र विहीर, पाण्याची टाकी आणि घराचा पाया यांपासून ते दूर असावे.

देवळांतून हल्ली पार बांधताना बुंध्यापर्यंत फरशी किंवा काँक्रीट घालतात. मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते आणि झाड हळूहळू खंगते. बुंध्याभोवती चार-पाच फूट माती उघडी ठेवावी. प्रदक्षिणेची वाट त्याबाहेरून काढता येते. येत्या दत्तजयंतीला आपापल्या देवळातला पार एकदा जरूर पाहावा. झाड टिकले तरच त्याच्या सावलीतली सेवा पुढच्या पिढीला मिळेल.