शुद्धीकृत इंधनाचा जागतिक व्यापार : मध्यस्थाची भूमिका

भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. तरीही डिझेल, पेट्रोल आणि विमान इंधनाच्या प्रमुख निर्यातदार देशांत त्याची गणना होते. या वरकरणी विसंगतीचे उत्तर तेलशुद्धीकरणाच्या क्षमतेत आहे. १९९९ मध्ये जामनगर येथे खासगी तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि पुढील दशकात त्याची क्षमता वाढली. त्यामुळे भारतीय इंधन जगाच्या बाजारपेठेत मोठ्या प्रमाणावर पोहोचू लागले. या बाजारपेठेत विक्रेता व खरेदीदार यांची गाठ अनेकदा मध्यस्थ घालून देतो.

दलाल आणि व्यापारी

या दोन संज्ञांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. व्यापारी माल स्वतः विकत घेतो, दरातील चढउताराची जोखीम पत्करतो आणि नफ्यासाठी तो पुढे विकतो. दलाल मालाचा मालक होत नाही. तो दोन्ही पक्षांमध्ये अटी जुळवून देतो आणि त्याबद्दल सहसा प्रति पिंप किंवा प्रति टन दलाली घेतो. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते. एका जहाजात लक्षावधी पिंपे मावत असल्याने काही सेंटची दलालीही मोठी रक्कम ठरते.

दर आणि जबाबदारी

सौद्यात बहुधा निश्चित दर नसतो, तर दराचे सूत्र असते. आशियात सिंगापूरचा, तर वायव्य युरोपात रॉटरडॅम परिसराचा प्रसिद्ध होणारा दर आधारभूत धरून त्यावर अधिमूल्य वा सूट ठरविली जाते. ‘एफओबी’ पद्धतीत जहाजभाडे खरेदीदार देतो; ‘सीआयएफ’ पद्धतीत भाडे व विमा विक्रेता भरतो. मात्र दोन्ही पद्धतींत माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते.

कागदपत्रांचे महत्त्व

परस्परांना अपरिचित असलेल्या पक्षांतील विश्वासाची उणीव बँकेचे पतपत्र भरून काढते. २००७ पासून लागू असलेल्या ‘यूसीपी ६००’ या नियमावलीनुसार बँक माल नव्हे, तर कागदपत्रे तपासते. जहाजभरणीची पावती आणि स्वतंत्र तपासनिसाचा गुणवत्ता दाखला अटींशी जुळले की पैसे अदा होतात.

हेच या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि हीच तिची दुर्बलताही होय. सिंगापूरच्या हिन लिओंग या तेलव्यापारी कंपनीने सुमारे ८० कोटी डॉलरचा तोटा अनेक वर्षे दडवून ठेवल्याचे २०२० मध्ये उघड झाले. बँकांकडे तारण असलेला मालही तिने विकला होता. बनावट व्यवहार दाखवून बँकेची फसवणूक केल्याबद्दल तिच्या संस्थापकास २०२४ मध्ये दोषी ठरविण्यात आले.

नवे आव्हान

युरोपीय संघाने ५ फेब्रुवारी २०२३ पासून समुद्रमार्गे येणाऱ्या रशियन तेल उत्पादनांवर बंदी घातली. जुलै २०२५ मध्ये त्याने आणखी एक निर्णय घेतला : रशियन खनिज तेलापासून अन्य देशांत तयार केलेल्या इंधनावरही २१ जानेवारी २०२६ पासून बंदी. परिणामी, मूळ तेल कोठून आले याचा पुरावा भारतीय निर्यातदारांनाही महत्त्वाचा ठरला.

सारांश, इंधनाच्या व्यापारात दलाल ग्राहक मिळवून देतो. परंतु सौदा टिकतो तो कागदपत्रांच्या सत्यतेवर. ती पारखून घेणारी सक्षम व्यवस्था ही निर्यातवाढीची पूर्वअट होय.