जॉन ड्यूई : अनुभव, विचार आणि लोकशाही

चार्ल्स पर्स आणि विल्यम जेम्स यांनी अमेरिकेत मांडलेला फलप्रामाण्यवाद शाळेच्या वर्गापर्यंत आणि लोकशाहीच्या चिकित्सेपर्यंत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने जॉन ड्यूई यांना द्यावे लागते. एखादी कल्पना प्रमाण मानून वागल्यास प्रत्यक्ष अनुभवात काय फरक पडतो, यावरून तिचे मोल ठरवावे, ही या विचारसरणीची थोडक्यात भूमिका आहे. ड्यूई यांनी तिला डार्विनच्या उत्क्रांतिविचाराची जोड दिली. माणूस आणि त्याचा परिसर यांच्यात सतत देवघेव चालू असते, ती अडली की माणसाला विचार करावा लागतो, आणि म्हणूनच सिद्धांत ही अडचणीतून वाट काढण्याची, कामाला न आल्यास बदलायची साधने आहेत, असे ते मानत.

२० ऑक्टोबर १८५९ रोजी व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या ड्यूई यांनी १८८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. सुरुवातीला त्यांच्यावर हेगेलचा प्रभाव होता. तो पुढे ओसरत गेला. १८९४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले आणि जानेवारी १८९६ मध्ये, तत्त्वज्ञानाची परीक्षा वर्गातच व्हावी या हेतूने, त्यांनी तेथे १६ मुलांची एक प्रायोगिक शाळा सुरू केली.

या शाळेतील एक उदाहरण स्वतः ड्यूई यांनीच नोंदवून ठेवले आहे. मुलांच्या हाती कपाशीची बोंडे आणि कच्ची लोकर देण्यात आली. त्यांतील एका गटाने अर्धा तास खपून हाताने सरकी वेगळी केली, तेव्हा एक औंसाहूनही कमी कापूस निघाला. पूर्वीचे लोक सुतीऐवजी लोकरीची वस्त्रे अधिक का वापरत, हे मुलांना या श्रमातूनच उमगले. मग सरकी काढणाऱ्या यंत्राचा शोध, सूतकताई, कापूस पिकवणारे प्रदेश असे विषय एकातून एक उलगडत गेले, आणि इतिहास, भूगोल व विज्ञान यांच्या वेगवेगळ्या तासिकांची भिंत आपोआप खचली.

मात्र मुलांना हातकाम दिले की शिक्षण झाले, असा या पद्धतीचा अर्थ लावणे हा ड्यूई यांच्यावर अन्याय आहे, आणि तो आजही सर्रास होतो. केलेली कृती आणि तिचा परिणाम यांतील संबंध विचाराने जोडला गेला तरच अनुभवातून ज्ञान निर्माण होते, असा त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्याच्या नावाखाली मुलांना दिशाहीन सोडणाऱ्या नव्या शाळांवर त्यांनी १९३८ च्या ‘एक्सपिरियन्स अँड एज्युकेशन’ या पुस्तकात स्पष्ट टीका केली, आणि अनुभवांची निवड व मांडणी करण्याची जबाबदारी शिक्षकाचीच आहे, असे बजावले.

१९०४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथात लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची, अनुभवांची देवघेव करण्याची रीत आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. समाजाची प्रत पारखण्यासाठी त्यांनी दोन कसोट्या सुचवल्या : सभासदांचे किती हितसंबंध समाईक आहेत, आणि इतर गटांशी त्यांचा व्यवहार किती मोकळा आहे. चोरांच्या टोळीतही एकोपा असतो, पण तिचे समाईक हित लुटीपुरते असते आणि बाहेरच्या जगाशी तिचे दरवाजे बंद असतात.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या विचाराचे महत्त्व नेमके जाणवले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी ड्यूई यांचा आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे; पण शिष्याचे काम तेवढ्यावर थांबले नाही. माणसामाणसांतील देवघेवच अडवणारी जातिव्यवस्था लोकशाहीच्या मुळावर येते, हा निष्कर्ष आंबेडकरांनी स्वतः काढला. अमेरिकेतील वर्गासाठी आणि समाजासाठी घडवलेल्या विचाराची सर्वांत कठोर कसोटी भारतात लागली, आणि ती लावणारा विद्यार्थी गुरूच्याही पुढे गेला.