काशीची घरगुती न्याहारी : चूडा-मटर

वाराणसी शहराची सकाळ दोन ठिकाणी सुरू होते. एक गल्लीत आणि दुसरी घरात. गल्लीतील हलवायाच्या भट्टीवर पहाटेच तेल तापू लागते व उडदाच्या डाळीची पिठी भरलेल्या कचोऱ्या, रस्सेदार भाजी आणि गरम जिलेबी यांच्याभोवती गिऱ्हाइकांची गर्दी जमते. विश्वनाथाच्या मंदिराजवळच्या एका गल्लीला ‘कचौडी गली’ हेच नाव पडले आहे. या न्याहारीची कीर्ती सर्वदूर पसरली असल्यामुळे काशीची माणसे सकाळी बाहेरच खातात, असा परक्या माणसाचा समज होतो. हा समज अपुरा आहे. कचोरीसाठी रात्रभर भिजवलेली व वाटलेली डाळ, तिंबलेली कणीक आणि कढईभर तेल लागते. चार माणसांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. म्हणून कचोरी हलवायाकडे सोपवून घरातील गृहिणी स्वतःच्या चुलीवर निराळेच पदार्थ करते. हिवाळ्यात त्यांतील अग्रगण्य पदार्थ म्हणजे चूडा-मटर होय.

चूडा म्हणजे आपले पोहे. संस्कृतात या धान्यप्रकाराला पृथुक आणि चिपिट अशी दोन नावे आहेत. पहिल्यापासून मराठीतील ‘पोहे’ हा शब्द आला, तर दुसऱ्यापासून हिंदीतील ‘चिउडा’ किंवा ‘चूडा’ व मराठीतील ‘चिवडा’ हे शब्द आले. मराठी वाचकाला आणखीही एका कारणाने हा पदार्थ जवळचा वाटावा. काशीशी महाराष्ट्राचा संबंध केवळ यात्रेपुरता नाही. पैठणच्या भट्ट घराण्यातील विद्वान सोळाव्या शतकात येथे येऊन स्थायिक झाले व त्याच घराण्यातील गागाभट्टांनी 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. एकनाथांनी आपले भागवत 1573 साली काशीतच पूर्ण केले. हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म 1883 साली येथल्याच एका मराठी कुटुंबात झाला. दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगा घाट यांच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कांदेपोहे जाणणाऱ्या माणसाला चूडा-मटर पाहताच ओळख पटते आणि फरकही जाणवतो.

हा पदार्थ समजून घ्यायचा, तर प्रथम चूडा कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे. भात टरफलासह पाण्यात भिजत घालतात, नंतर तो निथळून भाजतात आणि गरम असतानाच उखळात किंवा यंत्रात दाबून चपटा करतात. त्यात टरफल सुटून जाते. ओलावा व उष्णता एकत्र आल्यामुळे दाण्यातील पिष्टमय पदार्थ आधीच बऱ्याच अंशी शिजलेला असतो. यामुळेच तांदूळ शिजवावा लागतो, परंतु पोहे नुसत्या पाण्याने मऊ होतात. दाणा चपटा झाल्याने त्यात पाणी चटकन शिरते. पातळ चूड्याला तर चाळणीत ठेवून एकदा पाणी ओतले की पुरे होते. तो पाण्यात बुडवून ठेवला, तर पिष्ट फुगून दाणे एकमेकांना चिकटतात व सगळ्याचा लगदा होतो. मग चुलीवर कितीही वेळ परतला तरी तो मोकळा होत नाही. या पदार्थाचे यशापयश असे चूल पेटण्यापूर्वीच ठरते.

दुसरा घटक म्हणजे ओले वाटाणे. गंगेच्या मैदानात थंडीच्या दिवसांत कोवळ्या शेंगा बाजारात येतात आणि घरोघरी अंगणात किंवा गच्चीवर उन्हात बसून त्या सोलण्याचे काम चालते. मुले आणि वृद्ध यांचाही त्याला हातभार लागतो. शेंग वेलीवरून तोडल्यापासूनच दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते. त्यामुळे सकाळी तोडलेल्या वाटाण्याची गोडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उरत नाही व दाणा पिठूळ लागतो. थंडीत हे रूपांतर सावकाश होते. उन्हाळ्यात ते वेगाने होते. गोठवलेले वाटाणे आता बाराही महिने मिळतात आणि ते टिकाऊही असतात. तरीही पुष्कळ काशीकर हा पदार्थ हंगामातच करणे पसंत करतात.

चार माणसांसाठी सुमारे 200 ग्रॅम पातळ चूडा आणि 250 ग्रॅम सोललेले वाटाणे घ्यावेत. चूडा निवडून, चाळणीत पटकन धुऊन, निथळत ठेवावा. काही घरांत त्यावर दोन-तीन चमचे दूध किंवा साय शिंपडतात. दुधातील स्निग्धांशामुळे दाणे मऊ राहतात व एकमेकांना चिकटत नाहीत. कढईत तीन मोठे चमचे तूप तापवून जिरे व हिंग घालावे. मग बारीक चिरलेले आले व हिरवी मिरची परतावी आणि वाटाणे घालून मंद आचेवर शिजवावेत. चिमूटभर साखर आणि चवीपुरते मीठ याच वेळी घालावे. झाकण फार वेळ ठेवू नये. वाटाण्यातून निघणारी सौम्य आम्ले वाफेबरोबर आतच कोंडली गेल्याने हिरवा रंग काळवंडतो. लिंबाचा रस अगदी शेवटी पिळण्याचे कारणही हेच आहे. वाटाणे मऊ झाले, की चूडा, मिऱ्याची पूड व थोडा गरम मसाला घालून हलक्या हाताने दोन-तीन मिनिटे परतावे. वरून कोथिंबीर घालून लगेच वाढावे. काही ठिकाणी बेदाणेही घालतात.

या कृतीत सहसा कांदा नसतो, हळद नसते, मोहरीही नसते. महाराष्ट्रातील पोह्यांचा पिवळा रंग व फोडणीचा तडतडाट येथे आढळत नाही. त्याऐवजी पांढऱ्यावर हिरवे असे रूप आणि तूप, आले व मिरे यांचा वास असतो. मिरे हे या देशाचे जुने तिखट आहे, तर मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून आली. एकाच थाळीत ही दोन्ही तिखटे आज शेजारी नांदतात.

आहाराच्या दृष्टीनेही ही जोडी विचार करण्यासारखी आहे. तांदळातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. वाटाण्यात ते भरपूर असते. वाटाण्यात जे घटक कमी पडतात, ते तांदूळ पुरवतो. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. हे शास्त्र माहीत नसतानाही गृहिणींनी अनुभवाने योग्य मेळ साधला, असे म्हणता येईल.

परंतु या पदार्थाचा सर्वांत मोठा गुण आहारशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. पुरी किंवा कचोरी करणारी बाई सर्वांचे खाणे होईपर्यंत कढईपाशी उभी राहते आणि शेवटी, बहुधा थंड झालेले, स्वतः खाते. चूडा-मटर एकाच वेळी सर्वांपुरता तयार होतो. शेंगा आदल्या दिवशी सर्वांनी मिळून सोललेल्या असतात. सकाळचे काम वीस-पंचवीस मिनिटांचे. त्यामुळे जिने तो केला, तिलाही तो गरम असताना, घरच्या मंडळींबरोबर बसून खाता येतो. घरच्या न्याहारीविषयी बोलताना तिची चव आणि खर्च यांचा हिशेब केला जातो. ती करणाऱ्याच्या वाट्याला काय येते, याचा हिशेब क्वचितच होतो.

मकर संक्रांतीला पूर्व उत्तर प्रदेशात दही-चूडा खाण्याची प्रथा आहे. त्या सुमारास वाटाण्याचा हंगाम भरात असतो. पुढे ऊन तापू लागले, की दाणे निबर होतात, बाजारातील ढीग ओसरतात आणि चूडा-मटर घरातून निरोप घेतो. चूडा मात्र डब्यात राहतोच. तो दह्याबरोबर किंवा गुळाबरोबर खाल्ला जातो आणि पुढच्या थंडीत पुन्हा ओल्या वाटाण्यांच्या सोबतीने कढईत उतरतो.