व्हिडिओ अडकतो तेव्हा दोष नेमका कुणाचा?

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला मोबाइलवर सामना पाहताना चित्र थांबले की पहिला राग टॉवरवर निघतो, आणि टॉवर ठीक असेल तर ‘अमेरिकेतला सर्व्हर बंद पडला’ असा निर्वाळा मिळतो. दोन्ही कारणे कधीमधी खरी असतात. पण ज्या कंपनीचे अ‍ॅप, तिचीच सगळी यंत्रे, हे त्यामागचे गृहीतक चुकीचे आहे. नेटफ्लिक्सने 2016 च्या जानेवारीपर्यंत आपली जवळपास सगळी संगणकीय कामे अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रांवर हलवली. हॉटस्टारही अ‍ॅमेझॉनच्याच क्लाउडवर उभे राहिले. ही यंत्रे दरवेळी सातासमुद्रापारच असतात असेही नाही. मायक्रोसॉफ्टचे केंद्र पुण्यात 2015 मध्ये, अ‍ॅमेझॉनचे मुंबईत 2016 मध्ये आणि हैदराबादेत 2022 मध्ये सुरू झाले. पुणे आणि हैदराबाद यांच्या साधारण मधोमध कळंब येते.

मग सिनेमा त्या केंद्रातून थेट आपल्यापर्यंत येतो का? बहुधा नाही. नेटफ्लिक्स आपले चित्रपट स्वतःच्या खास यंत्रांत भरून ती इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जागेत ठेवते. यूट्यूब तर गूगलच्या स्वतःच्या जाळ्यावर चालते. क्लाउडवर असतात ती न दिसणारी कामे: लॉगिन, वर्गणी भरली आहे का याची तपासणी, शोध, शिफारशी, व्हिडिओ सुरू करण्याची परवानगी. खरे परावलंबन इथे आहे. गोदाम शेजारी आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती. 24 डिसेंबर 2012 रोजी अ‍ॅमेझॉनच्या यंत्रणेतला काही डेटा देखभाल करताना चुकून पुसला गेला आणि ऐन नाताळच्या पूर्वसंध्येला अमेरिकेत अनेकांचे नेटफ्लिक्स ठप्प झाले. 20 ऑक्टोबर 2025 रोजी अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात एका डेटाबेस सेवेची पत्त्याची नोंद रिकामी झाली, तेव्हा जगभरच्या असंख्य सेवांबरोबर अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा प्राइम व्हिडिओही अडखळला. म्हणजे कंपनी अवाढव्य आहे म्हणून ती पडणार नाही, हा विश्वासही फोल आहे. एकाच केंद्रावर इतक्या जणांचा भार असणे हाच धोका आहे.

यावर ‘मग स्वतःची यंत्रे घ्या’ असे म्हणणे सोपे आहे. पण 2019 च्या विश्वचषकातील भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी 2.53 कोटी लोक पाहत होते. 2023 च्या अंतिम सामन्याला हा आकडा 5.9 कोटींवर गेला. त्या एका दिवसासाठी विकत घेतलेली यंत्रे पुढे महिनोन्‌महिने पडून राहतील. शिवाय स्वतःचे यंत्रही बिघडतेच: 2008 मध्ये नेटफ्लिक्सचा स्वतःचा डेटाबेस कोलमडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तिथूनच ते क्लाउडकडे वळले. मात्र क्लाउड हवा तितका आपोआप ताणला जातो, हेही खरे नव्हे. 2019 च्या त्या सामन्यात धोनी बाद होताच लाखो प्रेक्षक एका क्षणी सामना सोडून अ‍ॅपच्या मुखपृष्ठावर आले आणि व्हिडिओवरचा भार अचानक मुखपृष्ठावर कोसळला. अशा प्रसंगांसाठी हॉटस्टारचे अभियंते सामन्याआधीच जादा यंत्रे तयार ठेवत आणि वेळ आली तर शिफारशींसारख्या सोयी बंद करून सामना तेवढा चालू ठेवत. भाड्याच्या जागेतही शिस्त आपलीच लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन कंपन्यांकडे सगळे ठेवले तर? मोठ्यांना ते जमेल. छोट्या मराठी सेवेला दुहेरी यंत्रणा आणि डेटा बाहेर काढण्याचे शुल्क पेलणारे नाही. पण बिघाडापेक्षाही गंभीर शक्यता सेवा नाकारली जाण्याची आहे, आणि ती कल्पनेतली नाही. जुलै 2025 मध्ये रशियाविरोधातल्या युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीची ई-मेलसह कामकाजाची सेवा थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाली. इतक्या मोठ्या तेल कंपनीची ही गत, तर तालुक्यातल्या शिकवणी वर्गाने किंवा कीर्तनाचे चित्रण करणाऱ्याने काय करावे? संपूर्ण यंत्रणा दुहेरी नको. मूळ चित्रणाची एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या कंपनीकडे ठेवा, आणि करार करण्यापूर्वी डेटा परत नेण्याचा खर्च लेखी विचारून घ्या.